नानांचं बीपी, आखाजीचं ऊन आणि कळण्यातलं मीठ

पत्र : आमचं यावल तालुक्यातलं शेतकरी कुटुंब. घरात पाच माणसं. सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो) ६४ वर्षांचे, केळीची बाग अजून स्वतःच बघतात. चार वर्षांपासून बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू होती. हिवाळ्यात बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी तिच्यासोबत क्लोरथॅलिडोन १२.५ दिली. आखाजीपासून (अक्षय तृतीयेपासून) नानांना उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. अंधारी आता येत नाही. वर शेजारच्यांनी एक पुस्तक आणून दिलं, त्यात लिहिलंय की वयात शंभर मिळवा, तेवढं बीपी चालतं. म्हणजे १६४ पर्यंत नानांना काही नाही! आम्ही मशीन आणलं, तर ते एकाच सकाळी १६८, १४२ आणि १५१ दाखवतं. सासूबाई म्हणतात उन्हात मीठ-पाणी द्या, डॉक्टरांनी तर मीठ कमी करायला सांगितलेलं. आमच्याकडे कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), शेवभाजी हेच जेवण. वेगळं अळणी केलं की नाना ताट सरकवतात. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते आणू का? कोणाचं ऐकू? (एक सून)

ताई, आधी गोळ्यांचं बोलू. बाकीचं सगळं आठवडाभर थांबलं तरी चालेल, गोळ्यांचं नाही.

नानांचा अंदाज निम्मा बरोबर आहे. त्यांची अंधारी खरी होती आणि तिच्यात गोळ्यांचा हात असण्याची दाट शक्यता आहे. आपल्याकडे चैत्र सरला की पारा चाळिशीच्या वर जातो, जळगाव-भुसावळकडे पंचेचाळीसही दिसतो. अशा उन्हात अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, त्यानेच दाब थोडा उतरतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे आणखी पाणी आणि मीठ बाहेर काढते. एवढं झाल्यावर शरीर दाब वर ओढायला बघतं, तर टेल्मिसार्टन नेमकी तीच यंत्रणा अडवून धरते, कारण तिचं कामच ते. माणूस बाजेवरून झटकन उठला की रक्त पायांत उतरतं, मेंदूला क्षणभर कमी पडतं आणि अंधारी येते. जानेवारीत बरोबर असलेला डोस मे महिन्यात जास्त होऊ शकतो. उन्हाळ्यात डोस कमी करणं, एखादी गोळी काही महिने थांबवणं, हे डॉक्टर नेहमी करतात. फक्त त्यांना कळायला हवं.

चूक झाली ती दोन्ही गोळ्या एकदम आणि न सांगता बंद करण्यात. या गोळ्या सोडल्या की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, त्यामुळे 'बघ, काही झालं का?' असं म्हणायला माणूस मोकळा होतो. दाब मात्र त्यानंतरच्या एक-दोन आठवड्यांत हळूहळू चढतो आणि बहुतेकांना त्याचं काही जाणवत नाही. पंधरा दिवसांनी अंगात औषधाचा परिणाम फारसा उरलेला नसतो. म्हणजे तुम्ही आज मोजताय ते नानांचं विनागोळीचं बीपी आहे. उद्याच डॉक्टरांना फोन करा आणि तीनच गोष्टी सांगा : गोळ्या कोणत्या तारखेला बंद केल्या, अंधारी केव्हा आणि कशी यायची, आता आकडे काय येतात. घाबरून जुन्या दोन्ही गोळ्या या उन्हात स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. आणि विचारा की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं), सोडियम, पोटॅशियम या रक्ततपासण्या करायच्या का. क्लोरथॅलिडोनने काही ज्येष्ठांचं सोडियम उतरतं, चक्कर त्यानेही येते, आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. (ओळखीत कोणाला मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडिन चालू असेल तर त्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. या गोळ्या एकदम तोडल्या की दाब आणि नाडी उसळी मारतात.)

अंधारीचा तपास घरीही होतो, आणि नवा डोस सुरू झाल्यावर तो हमखास करा. नानांना पाच मिनिटं आडवं राहू द्या, तसंच बीपी मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी धरायला हवं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. निव्वळ 'चक्कर येते' सांगण्यापेक्षा हे आकडे डॉक्टरांच्या जास्त कामाचे.

आता मशीन. १६८, १४२, १५१ यात मशीन बिघडलंय असं मला वाटत नाही, मोजण्याची पद्धत बिघडलीय. पंप सुरू होताच फिल्टरजवळच्या दाबमापकाचा काटा बघून ठिबकचा दाब कोणी ठरवत नाही, काटा स्थिरावू देतात. नानांना हे एवढं सांगितलं की पुढचं पटेल.

बाजेवर बसून, पाय लोंबकळत, हात मांडीवर टाकून मोजलेलं बीपी हमखास जास्त येतं. पाठीला टेक असलेली खुर्ची घ्या, घरातली प्लास्टिकची चालेल. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, नसतील टेकत तर खाली पाट ठेवा. पायावर पाय नको. हात टेबलावर, खाली चादरीची घडी, अशी की दंडाचा पट्टा छातीच्या मधोमध येईल. हात हृदयापेक्षा वीतभर खाली राहिला तरी आकडा दहाच्या पुढे फुगतो. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूला. सदऱ्याची बाही वर गुंडाळून ती दंडाला आवळत असेल तर सदरा काढा. पट्ट्याचं मापही बघा. शिंप्याच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटरसाठी असतो, तसं त्यावर छापलेलं असतं. घेर जास्त आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो, मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. मनगटावर बांधायचं मशीन असेल तर ते बाजूला ठेवा, हाताची जागा जरा हलली की त्याचा आकडा बदलतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, मिश्री काही नको. बागेतून आल्या आल्या मोजायचं नाही. लघवी करून यायचं, भरल्या मूत्राशयाने दाब दहाच्या आसपास वाढू शकतो. मग खुर्चीत पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे टीव्ही नाही, फोनवर केळीचा भाव विचारणं नाही, पट्टा फुगत असताना 'किती आलं?' नाही. बोलण्यानेही आकडा चढतो. पहिलं मोजमाप झालं की एक मिनिट थांबून दुसरं. दोन्ही लिहायची, आवडलेलं एक नाही. सकाळी न्याहारीच्या आणि (गोळी सुरू असेल तर) गोळीच्या आधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, नवेपणाने ते वर असतात. उरलेल्या २४ मोजमापांची सरासरी काढायची, वरच्या आकड्यांची वेगळी, खालच्यांची वेगळी. डॉक्टरांची वेळ लवकर मिळाली तर तीन दिवसांची वही घेऊन जा, सात दिवस पुरे करायला थांबू नका.

घरच्या मोजमापाची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर ते वाढलेलं बीपी. दवाखान्यातली रेघ १४०/९० आहे, कारण तिथे थोडं वाढतंच. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून बघा आणि पुढे जास्त दाखवणारा हात कायम ठेवा. दोन हातांत पंधराच्या वर फरक पुन्हा पुन्हा आला तर तोही डॉक्टरांना सांगा. मशीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह वारंवार दिसलं तरी सांगा. ठोके अनियमित असले की आकडे खरोखरच उड्या मारतात, तेव्हा दोष मशीनचाही नसतो आणि खुर्चीचाही. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन तिथल्या मोजमापाशी ताडून घ्या.

एखाद्या वेळी १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं पण नानांना काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जास्तीची गोळी देऊ नका, जिभेखाली काही ठेवू नका. दाब एकदम कोसळला तर मेंदूचाच रक्तपुरवठा तुटू शकतो. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एका हातापायातली शक्ती जाणं किंवा बोलणं अडखळणं यातलं काहीही असेल तर आकडा किती हे न बघता १०८ ला फोन करा. अर्धांगात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅननंतर. म्हणून लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा.

पुस्तकाबद्दल. 'शंभर अधिक वय' हा हिशेब कोणाच्या डोक्यातून निघालेला नाही, एके काळी डॉक्टरही तो मानत. उतारवयात वरचा आकडा वाढणं हे केस पिकण्याइतकंच साहजिक, असा समज होता. तो तपासला गेला. १९९१ साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४,७३६ लोकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचा वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त होता, खालचा मात्र ९० च्या आत. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषधवाल्यांमध्ये अर्धांगाचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी भरलं. आणि पहिलं औषध कोणतं होतं? क्लोरथॅलिडोन, १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. नानांनी कपाटात ठेवून दिलेली तीच.

'या सगळ्या परदेशी गोळ्या' असाही सूर अशा पुस्तकांत असतो. ती लिहिणाऱ्यांना सर्पगंधा ही आपल्याकडची औषधी वनस्पती आठवत नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेने बीपी उतरतं हे रुग्णांवर मोजून इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडलं, आणि जगाने ते घेतलं. पुढे तिच्यापेक्षा कमी त्रासाची औषधं आली म्हणून ती मागे पडली. तिने नाडी मंदावते, काहींना खोल उदासी येते, तेव्हा आता बाजारातून आणून घ्यायची नाही. आरोग्याचं कोणतंही पुस्तक घरात आलं की मी तीन गोष्टी बघायला सांगेन : पहिल्यांदा कधी छापलंय, 'हे कोणी करू नये' असं एक तरी पान आहे का, आणि शेवटच्या पानावर काही विकायला ठेवलंय का. लसूण, जवस, दुधीचा रस खाऊ-पिऊ द्या की. गोळीच्या जागी नको, एवढंच.

मिठाकडे येऊ, कारण खरी अडचण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, आणि त्यात सगळं आलं. तुमच्या घराचा हिशेब सोपा आहे. पाच माणसं, पाच ग्रॅम, तीस दिवस : महिन्याला ७५० ग्रॅम. आता आठवा, किलोचं पाकीट किती दिवस पुरतं? महिनाभर पुरत असेल तर माणशी साडेसहा ग्रॅमच्या वर गेलातच, आणि त्यात विकतची शेव, फरसाण, उन्हाळ्यात पापड-लोणच्यासाठी वेगळं आणलेलं मीठ अजून धरलेलंच नाही.

आपल्या जेवणात मीठ लपतं कुठे ते बघा. कळणं दळायला देताना ज्वारी-उडदाबरोबर जाडं मीठ चक्कीवर जातं. म्हणजे भाकरी आधीच खारट, तिच्यासोबत ठेचा, वर पापड. पुढचं दळण द्याल तेव्हा मीठ निम्मं टाका. उडदामुळे कळण्याला स्वतःची चव असते, फारसं कळत नाही. शेवभाजीत दोनदा मीठ पडतं, एकदा शेवेतलं आणि एकदा रश्श्यातलं. रस्सा मिठाशिवाय उकळा, शेव घाला, दोन मिनिटांनी चव घ्या, मग लागलं तर चिमूट टाका. शेवेतला सोडा आणि पापडातला पापडखार हेही सोडियमच, खारट लागत नाहीत म्हणून मोजले जात नाहीत. पापड-बिबडे बंद करा असं मी सांगणार नाही, आपल्याकडे ते कोणी ऐकणार नाही. रोजचे दोन असतील तर आठवड्यातून दोनदा एकेक करा. यंदा पापड करताना किलो पिठाला किती मीठ पडलं आणि किती पापड झाले ते लिहून भागाकार करून बघा. उदाहरणाला ६० ग्रॅम मीठ आणि शंभर पापड धरले तर एकेका पापडात ०.६ ग्रॅम आलं, पापडखार वेगळाच. भरताला मात्र मीठ कमी लागतं. वांगं काड्यांवर नीट भाजलेलं असलं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात असली की धुराची चवच पुढे येते. ताटाच्या डाव्या हाताला मीठ वाढायची पद्धत असेल तर ती आजपासून बंद.

नानांसाठी वेगळं अळणी करू नका. घरच्या कर्त्या माणसासमोर वेगळं ताट ठेवलं की तो आजारी ठरतो, आणि ते त्यांना सोसत नाही. मीठ सगळ्यांचंच कमी करायचं, कोणाला न सांगता. आज घालता त्याच्या पाऊणपट घाला. दोन-तीन आठवड्यांनी आणखी थोडं कमी. महिना-दोन महिन्यांत जीभ सवय करून घेते आणि जुनं जेवण खारट लागायला लागतं. लिंबू, कैरी, आमसूल यांनी मधला काळ निभतो.

कमी सोडियमचं मीठ चांगलं आहे, पण नानांसाठी विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर ते वापरून बघितलं, त्या मिठात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होतं. २०२१ साली निकाल आला, अर्धांगाचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी. तरीही टेल्मिसार्टन स्वतःच रक्तातलं पोटॅशियम धरून ठेवते. मूत्रपिंडं थकलेली असतील तर ते वाढून हृदयाचे ठोके बिघडवतं. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचा अहवाल हातात आला की डॉक्टरांना 'चालेल का' विचारा. चालेल म्हणाले तर घरभर तेच वापरा. केळीचंही असंच. तुमच्या घरात केळी मोजून खात नसणार, आणि एरवी ती बीपीला चांगलीच, पण मूत्रपिंडाचा दोष निघाला तर तिचाही हिशेब ठेवावा लागेल. सैंधव किंवा गुलाबी मीठ आणून काही साधत नाही, तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच.

सासूबाईंचं मीठ-पाणी. त्या चुकीच्या नाहीत, प्रमाणाचा प्रश्न आहे. लिटरभर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ आणि सपाट सहा चमचे साखर हे जुलाब-उलटीसाठी किंवा उन्हात घामाघूम होऊन पायात गोळे आल्यावर. त्या एका लिटरात दिवसाचं निम्मं मीठ येतं, म्हणून ते रोजचं सरबत नव्हे. कूलरपुढे बसलेल्या माणसाला त्याची गरज नाही. नाना बागेत जातात तर सकाळी दहाच्या आत परत येऊ द्या, पातळ ताक चिमूटभर मीठ घालून एक पेला पुरे, बाकी साधं पाणी तहानेप्रमाणे. ज्या दिवशी जुलाब, उलट्या किंवा ताप असेल त्या दिवशी पाणी कमी करणारी गोळी घ्यायची की नाही, हे नवा डोस लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारून कागदावर मांडून ठेवा. रात्री दोन वाजता ते विचारायला कोणी भेटत नाही.

घरात आणखी दोन-तीन वस्तू शोधा. गुडघे-कंबरेसाठी नाना मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणतात का? त्याने बीपी चढतं, आणि अंगातलं पाणी कमी असताना टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंडाला मोठा धोका. खोकल्याच्या काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर तेही बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तेच.

एक राहिलं. पत्रात मोजणं, लिहिणं, मीठ, डॉक्टर सगळं तुमच्याच अंगावर दिसतं. स्वयंपाक तुमच्याकडे आहेच, वही आणि मशीन तुमच्या यजमानांकडे द्या. सुनेने 'गप्प बसा, बोलू नका' म्हणायचं आणि सासऱ्यांनी ऐकायचं हे आपल्या घरांतून जमत नाही, मुलाने म्हटलं तर जमतं. खुर्ची मांडलेलीच आहे तर यजमानांनी स्वतःचंही मोजावं. वडिलांना बीपी आहे, तेव्हा तिशीनंतर वर्षातून एकदा त्यांनी बघायलाच हवं, सासूबाईंनीही. गोळ्यांच्या खर्चाने अडत असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या मोफत मिळतात. जाताना जुनी चिठ्ठी आणि वही बरोबर असू द्या, आणि गोळी बदलून मिळाली तर नाव जुन्या चिठ्ठीशी ताडून मगच घ्या, म्हणजे एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जाणार नाही.